घर नसलेल्यांचा फुटबॉल



फुटबॉल तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. पण ज्यांना राहायला घरच नाही अशा माणसांची फुटबॉलची जागतिक स्पर्धा असते, हे किती जणांना ठाऊक आहे? गुरुजींनी सांगितले तेव्हा मी म्हणालो, घर नाही तर आधी घर द्या की, चेंडू कशाला? गुरुजी म्हणाले, ऐक तर खरं.

काही देशांत बेघर लोक रस्त्यावर उभे राहून एक खास वर्तमानपत्र विकतात व चार पैसे मिळवतात. ही पत्रे चालवणाऱ्यांची परिषद सन २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला भरली होती. तेथे स्कॉटलंडचे मेल यंग व ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मीड यांना वाटले, देशोदेशीच्या बेघर लोकांनीही असेच एकमेकांना भेटावे. पण ते बोलणार कोणत्या भाषेत? तर फुटबॉलच्या! पहिली स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरात झाली. १८ संघ आले होते. ऑस्ट्रियाच जिंकला.

बेघर माणसाला थंडी, भूक तर असतेच. पण लोक त्याच्याकडे बघत नाहीत, नावाने हाक मारीत नाहीत, हे जास्त लागते. संघात आला की वेळेवर सरावाला यावे लागते. तो आला नाही तर कुणीतरी विचारते, हा कुठं गेला? घर चेंडूने मिळत नाही, पण माणूस पुन्हा माणसांत येतो.

खेळाचे नियम वेगळे आहेत. मैदान २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद. मी गुणाकार केला, ३५२ चौरस मीटर आले. मोठ्या फुटबॉलच्या मैदानात अशी २० मैदाने बसतील! एका बाजूला चारच खेळाडू, त्यात एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव. बरोबरी झाली तर पेनल्टी मारतात आणि त्यात हरणाऱ्यालाही १ गुण देतात, हे मला फार आवडले. खेळाडू १६ वर्षांचा तरी हवा आणि जन्मात एकदाच खेळता येते, म्हणजे दुसऱ्याला संधी मिळते. मला घर आहे, म्हणून मला घेणार नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालते बरं का. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे हे खेळाचे शिक्षक होते. एकदा पावसात झोपडपट्टीतली मुले फुटकी बादली लाथेने उडवीत खेळताना त्यांनी पाहिली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. खेळताना मुले भांडण, व्यसन विसरतात हे त्यांच्या ध्यानात आले. २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला, तीच पुढे स्लम सॉकर संस्था झाली. २०१६ मध्ये तिला फिफाचा पुरस्कार मिळाला. बारसे सरांवरूनच नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये 'झुंड' सिनेमा काढला. त्यात अमिताभ बच्चन आहेत.

आता आमची गोष्ट. शाळेमागच्या माळावर ऊसतोड्यांच्या कोप्या आहेत. तिथला एक मुलगा रोज कुंपणाशी उभा राहायचा. चेंडू बाहेर गेला की आणून द्यायचा, एवढंच. एकदा त्याने मला घेता का म्हणून विचारले. मी म्हणालो, तुझं नाव हजेरीत नाही. हे मी घरी सांगितले नव्हते. गुरुजींचा पाठ झाला त्या दिवशी आमच्यात एक जण कमी होता, तेव्हा मीच त्याला हाक मारली. तो अनवाणी खेळतो आणि डाव्या पायाने मारतो. तीन गोल केले पठ्ठ्याने, त्यातले दोन आमच्या बाजूने आणि एक चुकून आमच्यावरच. सगळे हसले, तोही हसला.

कारखान्याचा पट्टा पडला की त्यांची टोळी गावी जाईल. त्याआधी शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही चार-चार जणांचा सामना ठेवला आहे. कोप्यांवरच्या मुलांना निरोप दिला आहे. मैदान आखायला फक्की हवी. कोणा पालकांकडे असेल तर कृपया पाठवावी.

— इयत्ता ४ थी