लेकरू सांगतं तेव्हा आधी ऐकू या



लोहाऱ्यात आमच्या शाळेच्या पालकसभेत 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा विषय निघाला. मागं बसलेल्या एका आईनं विचारलं, "मॅडम, अंगावर खूणच नसंल तर लेकरू खरं बोलतंय हे कसं समजायचं?"

प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच झालेल्या कामात सापडतं.

मुंबईची 'सेहत' ही संस्था स्त्रियांचं आरोग्य आणि हिंसा यांवर संशोधन करते. मार खाल्लेली बाई पोलिसांत जाईलच असं नाही, पण दवाखान्यात येते. म्हणून सेहत आणि मुंबई महानगरपालिकेनं २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. पुढं लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतही त्यांनी काम केलं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली : जखम नाही म्हणजे अत्याचार झाला नाही, असं मुळीच नाही. भीतीनं अंग गोठतं, धमकी असते, ओळखीचाच माणूस असतो, सांगायला उशीर होतो. मग खूण राहणार कशी?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही हीच दृष्टी आहे. अपमानास्पद 'दोन बोटांची चाचणी' करू नये आणि उपचार आधी करावेत, असं त्यात सांगितलंय.

मग आपण काय करायचं?

१) शांतपणे ऐका. "तुझी चूक नाही" एवढं नक्की म्हणा.
२) खोदून खोदून, पुन्हा पुन्हा विचारू नका.
३) "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ वर फोन करा.
४) लगेच दवाखान्यात न्या. उपचार मोफत मिळतात, त्यासाठी आधी तक्रार नोंदवावी लागत नाही. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.
५) अंगावरचे कपडे धुऊ नका.

त्या आईला मी एवढंच म्हणाले, "ताई, खरं-खोटं ठरवायला डॉक्टर, पोलीस, कोर्ट आहे. आपलं काम ऐकायचं. आज आपण 'गप्प बस' म्हणालो, तर लेकरू पुन्हा तोंड उघडणार नाही."

तुमच्या पुढच्या पालकसभेत हा विषय जरूर घ्या.