यक रुपया : नाण्यावरचे दोन शब्द

इंदूरच्या भंवरकुआं भागात स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांची दाटी आहे. तिथेच माझ्या घरी काही मुले मराठी शिकायला येतात. निबंधाच्या पाठात मी एकदा सांगून गेलो, "परके शब्द टाळा." पुढच्या वेळी एका विद्यार्थ्याने शिक्का, मोहर, खुर्दा हे शब्द खोडून आणले, त्यांच्यासोबत 'रुपया'ही खोडला होता. कारण विचारले, तर त्याने मोबाइलवर चांदीच्या एका नाण्याचे छायाचित्र दाखवले. "सर, यावर रुपया फारसीत लिहिलाय."

ते ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ सालचे प्रूफ नाणे होते. प्रूफ म्हणजे घासूनपुसून चकचकीत केलेल्या ठशांनी, बाजारासाठी नव्हे तर नमुन्यासाठी किंवा संग्रहासाठी पाडलेले नाणे. त्यामुळे त्यावरचे अक्षर न् अक्षर स्पष्ट वाचता येते. धडा घ्यायला याहून चांगला फळा कोणता?

त्याआधी कंपनीच्या बंगालकडच्या रुपयांवर बादशाह शाह आलमचे नाव फारसीत असे. तो १८०६ साली वारला, तरी नाव राहिले. जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा घेत; म्हणून मुर्शिदाबादचे नाव असलेल्या रुपयावर त्याच्या राज्यारोहणाचे १९वे वर्षच कायम केले गेले. आपल्या होळकरांच्या मल्हारनगर टांकसाळीतूनही शाह आलमच्याच नावाने रुपये निघत. नाण्यावरची भाषा ही राज्यकर्त्याची मातृभाषा नसते. बाजार जिच्यावर विश्वास ठेवतो, ती असते.

१८३५च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया आला : वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. बादशाहाचे नाव जाऊन चौथ्या विल्यमचा मुखवटा आला. मागच्या बाजूला इंग्रजी किमतीखाली फारसीचे दोनच शब्द उरले : 'यक रुपया'. १८६२च्या नाण्यांवरून तेही गेले आणि १९०३ साली एडवर्डच्या रुपयावर परत आले.

मी मुलांना अक्षरे लावायला सांगितली. ये, काफ : यक. रे, वाव, पे, ये, हे : रुपया. मग शब्दांची कुळे पाहिली. 'रुपया' संस्कृत 'रूप्य'वरून आलेला, म्हणजे इथलाच; फारसी लिपीत तो पाहुणा होता. 'यक' आणि आपला 'एक' ही एकाच भाषाकुळातली दूरची भावंडे. लिपी परकी दिसली, म्हणून मुलाने घरचाच शब्द घराबाहेर काढला होता.

'शिक्का', 'मोहर', 'खुर्दा' मात्र खरोखरच फारसीतून आले. पण आज 'शिक्कामोर्तब'ला पर्याय शोधताना आपलीच जीभ अडखळते. चूक मुलाची नव्हती, माझ्या सूचनेची होती. ती मी वर्गातच मागे घेतली आणि खोडलेले चारही शब्द त्याच्या वहीत पुन्हा लिहिले.

अभ्यास : नाणे, टांकसाळ, चलन, बट्टा, खुर्दा या शब्दांची मुळे कोशात शोधा. आधी अंदाज लिहा, मग कोश उघडा. अंदाज कुठे चुकला आणि का, यावर पाच ओळी लिहा.