जुन्या डिझेल गाडीचे हीटर प्लग व त्यांची जोडणी

पेट्रोलच्या इंजिनास ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनास ती लागत नाही. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वी ठरले ते याच तत्त्वावर, की हवा पुरेशी दाबली म्हणजे ती इतकी तापते की तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. परंतु पौषातल्या पहाटे ग्वाल्हेरीस इंजिन गार पडलेले असते आणि दाबलेल्या हवेची बरीचशी उष्णता थंड लोखंडच शोषून घेते. जुन्या गाड्यांत तेल प्रथम सिलिंडरलगतच्या एका लहान कोठीत फवारले जाते. तेथे ही अडचण अधिकच. ती दूर करण्यासाठी प्रत्येक कोठीत एक हीटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग, बसवितात.

जोडणीस हात घालण्यापूर्वी आपल्या गाडीतील प्लग कोणत्या जातीचे हे ओळखणे अवश्य आहे. सुमारे १९८० पर्यंतच्या मर्सिडीजच्या डिझेल मोटारींत तारेच्या वेटोळ्याचे, थोड्या व्होल्टचे प्लग असत व ते एकामागून एक, माळेतील मण्यांप्रमाणे जोडीत. एक जळाला की सारी माळ विझे. नंतरचे पेन्सिलीसारखे प्लग मात्र स्वतंत्रपणे १२ व्होल्टवर चालतात व त्यांच्या डोक्यांवरून एकच पट्टी जाते. एक गेला तरी उरलेले तापतात. पहिल्या जातीचा प्लग थेट बॅटरीस लावला तर काही क्षणांत जळून जाईल. दोन्ही जाती मिसळू नयेत.

पेन्सिल प्लगचा विचार करू. प्रत्येकी सुमारे १० ते १२ अँपिअर प्रवाह धरला तर चारांचे चाळीसांवर होतात, आणि थंड असताना आरंभी याहूनही अधिक. चारही मिळून जवळजवळ घरच्या इस्त्रीएवढी शक्ती खातात! एवढा भार किल्लीतून नेणे बरे नव्हे, दिव्यांचा साधा रिलेही पुरत नाही. सत्तर अँपिअर वा अधिक क्षमतेचा रिले घ्यावा. त्याच्या ३० क्रमांकास बॅटरीची तार, ८७ पासून प्लगच्या पट्टीस तार, ८६ ला बटण व ८५ ला अर्थिंग. जाड तार निदान सहा चौरस मिलिमीटरची असावी, अंतर लांब असल्यास दहाची. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा; दूर ठेवला तर मधली तार उघडीच राहिली म्हणावयाची. काम करताना बॅटरीची ऋण तार आधी सोडावी.

प्लग तपासावयाचा तर पट्टी काढून बॅटरीच्या धन टोकापासून एक लहान दिवा प्लगच्या डोक्यास लावावा. या वेळी ऋण तार जोडलेली हवी. दिवा लागला नाही तर प्लग तुटला. लागला म्हणजे धडच, असे मात्र नाही. आतून शॉर्ट झालेलाही दिवा लावतो. म्हणून मीटरने रोध पाहावा, तो सामान्यतः एक ओहमच्या आसपास किंवा कमी असतो. घट्ट बसलेला प्लग थंड इंजिनात जोर करून काढू नये, मोडून आत राहतो.

जोडणी झाल्यावर बटण दाबून बॅटरीच्या टोकावर व पट्टीवर व्होल्ट मोजावे. दोहोंत एका व्होल्टहून अधिक फरक पडल्यास कोठे तरी गंजलेला सांधा आहे. इंजिनापासून बॅटरीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी तपासणे पुष्कळ जण विसरतात. आणि इंजिन लवकर सुरू व्हावे म्हणून हवेच्या तोंडातून ईथरचा फवारा मारण्याची सवय काही गॅरेजांत आहे. प्लग तापलेले असताना तो कधीही मारू नये. फवारा वेळेआधीच भडकून पिस्टन फुटल्याची उदाहरणे आहेत.