सांधा

रात्रीच्या आगगाडीत उतारू गाढ झोपलेले असतात. स्थानक जवळ येते, वेग मंदावतो आणि चाकांचा एकसुरी नाद मोडून एकाएकी खडखडाट होतो. एखादे मूल कूस बदलते. गाडी सांधा ओलांडीत असते.

आगगाडीला सुकाणू नसते. तिच्या प्रत्येक चाकाला आतील बाजूस एक उभी कड असते. ती रुळाच्या आतल्या अंगाने चालते व चाकाला रुळावर राखते. तेव्हा गाडी दुसऱ्या मार्गावर न्यावयाची, तर रूळच हलविला पाहिजे. यासाठी सांध्याच्या आरंभी टोकाकडे निमुळते होत गेलेले दोन रूळ बसवितात. त्यांना जिभा म्हणतात. त्या दांड्याने जोडलेल्या असल्यामुळे एकदमच सरकतात. समजा, फाटा उजवीकडे आहे. डावी जीभ शेजारच्या रुळाला चिकटली, की गाडी उजवीकडे वळते. उजवी चिकटली, की सरळ जाते.

खरी अवघड जागा याच्या पुढे आहे. फाट्याचा एक रूळ मुख्य मार्गाच्या रुळाला छेदून पलीकडे जातो. तेथे रूळ अखंड ठेवला, तर चाकाची कड जाणार कोठून? म्हणून तेथे खाच ठेवावी लागते, आणि खाचेपुढे रुळाचे अणकुचीदार टोक असते. खाचेवरून जाताना चाकाला त्या बाजूस वाट दाखविणारे काहीच उरत नाही. ते टोकाच्या भलत्या अंगास शिरले, तर गाडी घसरलीच!

मदत येते ती समोरच्या बाजूने. तेथे रुळाच्या आत, त्याला समांतर, एक आखूड रूळ असतो. रेल्वेतील लोक त्याला चेक रेल म्हणतात. भारतातील ब्रॉडगेज मार्गावर या दोहोंतील फट सुमारे साडेचार सेंटिमीटर असते. तीतून जाणारे चाक बाजूला सरकू शकत नाही. आणि दोन्ही चाके एकाच आसावर पक्की असल्याने खाचेवरचे जोडीदार चाकही सरकत नाही. ज्या रुळावर गाडीचा भार पडत नाही, तोच तिला सावरतो.

पूर्वी सांधेवाला दांडा ओढून सांधा बदलीत असे. आता बहुतेक ठिकाणी हे काम विजेचे यंत्र करते. पण जीभ आणि रूळ यांच्यामध्ये खडीचा तुकडा अडकला तर? याची परीक्षा कर्मचारी स्वतःच घेतात. जिभेच्या टोकापासून 150 मिलिमीटरवर 5 मिलिमीटर जाडीचा लोखंडी तुकडा मुद्दाम मध्ये ठेवून ते सांधा बदलावयास लावतात. अशा वेळी सांध्याला कुलूप बसता कामा नये आणि गाडीला सिग्नलही मिळता कामा नये. मिळाला, तर तो सांधा आधी दुरुस्त होतो. गाडी थांबून राहते.