नाव नसलेला काटा

शास्त्रवाचन : 2 करिंथ 12:7-10, मार्क 5:25-34, रोम 8:26

आमच्या मंडळीत एक वयस्क भगिनी आहेत. पूर्वी गायनमंडळात त्या पुढच्या रांगेत उभ्या असत. गेली सहा वर्षे मात्र उपासनामंदिराच्या चार पायऱ्या चढल्या की त्यांना धाप लागते. एका डॉक्टरांनी दमा सांगितला, दुसऱ्यांनी जुन्या क्षयाचे व्रण, तिसऱ्यांनी हृदय तपासावयास सांगितले. औषधे बदलली, धाप राहिली. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊ, आजाराचे नाव कळले असते तर त्या नावाने प्रार्थना केली असती. आता देवाजवळ नेमके काय मागू?" त्यांच्या या प्रश्नावर आज मनन करू.

1. पौलाचा काटा : पौलाच्या देहातील काटा म्हणजे काय, हे त्याने कोठेही लिहिलेले नाही. कोणी डोळ्यांचे दुखणे म्हणतात, कोणी हिवताप, कोणी अपस्मार. परंतु हे सारे तर्कच आहेत. त्याने तीन वेळा विनंती केली. काटा निघाला नाही, पण कृपा पुरेल असे उत्तर मिळाले. ती कृपा रोगाचे नाव ठरेपर्यंत थांबली नाही. तेव्हा भगिनींना सांगावेसे वाटते, नाव नसले तरी धाप तर आहे ना? तीच प्रभूपुढे ठेवा. लांब प्रार्थनेला दम पुरत नसेल, तर आपल्या कण्हण्यातही आत्मा मध्यस्थी करतो, असे रोमकरांस पत्र सांगते.

2. औषध आणि विश्वास : रक्तस्रावाने पीडित स्त्री बारा वर्षे वैद्यांकडे फिरली. प्रभूने तिला त्याबद्दल दोष दिला नाही. उलट 'मुली' अशी हाक मारली. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता. दमा, तंबाखूने किंवा चुलीच्या धुराने जडलेला श्वासनलिकांचा जुनाट विकार, क्षय बरा झाल्यावर फुफ्फुसात राहिलेले व्रण, हृदयाची दुर्बलता, अंगात रक्त कमी असणे, या सर्वांत धाप लागते. विडीला कधी न शिवलेल्या स्त्रियांनाही धुराचा विकार होतो. नळीत जोराने फुंकून करावयाच्या स्पायरोमेट्री तपासणीत श्वासनलिकांची अडचण समजते. पण दम्याचा जोर नसताना तीच तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून निदानास वेळ लागला तर डॉक्टर खोटा ठरत नाही, आणि रोगी ढोंगी तर नाहीच. पंपाची सवय लागते ही समजूतही चुकीची आहे. त्यातील औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते, म्हणून थोडी मात्रा पुरते. प्रार्थनासभेनंतर बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध बंद करणे हा विश्वास नव्हे.

3. मंडळीचे कर्तव्य : या भगिनींना कोणी तरी म्हटले, "काही गुप्त पाप असेल, शोधून पाहा." त्यानंतर दोन महिने त्या उपासनेस आल्या नाहीत. बंधूंनो, ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने बसले होते तोवर त्यांच्या हातून चूक झाली नव्हती. आपण काय करावे? गीताच्या वेळी रोग्याने बसून राहावे, त्यात संकोच नसावा. झाडलोट उपासनेच्या आदल्या दिवशी व्हावी. जुने कागद व एक्सरे तारीखवार लावून एखाद्या तरुणाने त्यांच्यासोबत दवाखान्यात जावे.

त्या भगिनी आता परत येतात. आजाराचे नाव अजून ठरलेले नाही. शेवटच्या बाकावर बसून त्या दोन ओळी गातात, एक सोडतात, पुन्हा गातात. ज्याने मातीच्या माणसात श्वास फुंकला, त्याला त्या सुटलेल्या ओळीही ऐकू येतात.

चर्चेसाठी प्रश्न
1. काटा न निघता कृपा मिळाली, ही पौलाची प्रार्थना सफळ म्हणावी काय?
2. आजाऱ्याला आपण शेवटचे काय बोललो? त्याने त्याचे ओझे हलके झाले की वाढले?
3. आपल्या मंडळीत धापेमुळे घरी राहिलेले कोण आहे? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?