मळी, मका आणि मद्यार्क : सरकारी साहाय्य व शेतकऱ्याचा हिशेब

सूक्ष्म जीवांकडून कारखान्यात उपयुक्त पदार्थ तयार करून घेणे, यास औद्योगिक जैवतंत्रज्ञान म्हणतात. नाव नवे असले तरी तत्त्व जुनेच आहे. दुधाला विरजण लावणारी गृहिणी हेच कार्य करीत असते. आसवनीत यीस्ट हे सूक्ष्म जीव मळीतील साखरेपासून मद्यार्क तयार करतात. त्यातील पाणी काढून टाकले की तो पेट्रोलमध्ये मिसळण्यायोग्य होतो. यासच आपण इथेनॉल म्हणतो. मक्यात साखरेऐवजी पिष्ट असते; म्हणून विकरांच्या योगे प्रथम त्याची साखर करावी लागते. भाताच्या पेंढ्यातील काष्ठमय भाग फोडणे त्याहूनही कठीण व खर्चाचे असते.

उतारा : एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर, एक टन बी-मळीपासून ३०० लिटर, तर एक टन मक्यापासून ३८० लिटर इथेनॉल मिळते, असे सर्वसाधारणपणे धरले जाते.

सरकारी साहाय्य : (१) २०१८ पासून आसवन्यांच्या कर्जावर व्याजसवलत देण्यात आली. वार्षिक ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजदराच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल तेवढे व्याज पाच वर्षे केंद्र सरकारने सोसावयाचे, अशी ती योजना होती. (२) पेंढ्यासारख्या अवशेषांपासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पांसाठी २०१९ मध्ये जी-वन योजना मंजूर झाली. तिची तरतूद १,९६९.५० कोटी रुपयांची होती. पानिपत येथे २०२२ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला. (३) ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या बायो-ई-३ धोरणाने रसायने, विकर इत्यादींच्या जैविक उत्पादनासही उत्तेजन दिले.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी : हे साहाय्य कारखान्यास मिळते, शेतकऱ्यास थेट नव्हे. शिवाय धोरण बदलू शकते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले व ते पुढील हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठविले गेले. उसाचे पीक मात्र वर्षभर शेतात उभे असते. ते मध्येच बदलता येत नाही. तेव्हा इथेनॉलच्या आशेने विहिरीच्या पाण्यापलीकडे उसाचे क्षेत्र वाढवू नये.

मका विकावयाचा असल्यास कणसे पूर्ण पक्व झाल्यावर काढावीत व दाणे १४ टक्क्यांहून कमी ओलाव्यापर्यंत वाळवावेत. ओल्या मक्यावर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. आसवनीत ते नष्ट होत नाही; उलट उरलेल्या चोथ्यात त्याचे प्रमाण वाढते. हाच चोथा पशुखाद्य म्हणून गोठ्यात येतो. म्हणजे खळ्यावरील निष्काळजीपणा अखेर आपल्याच जनावरांना बाधतो.

उसाचे पाचट जाळू नये. सरीत पसरून कुजवावे, म्हणजे ओल टिकते व जमीन सुधारते.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी गावाच्या बैठकीत पाणी, भाव व खरेदीदार या तीन बाबींचा हिशेब शेतकरी बंधूंसमोर मांडावा. योजना कारखान्याची असली तरी पिकाचा निर्णय शेतकऱ्याचा आहे; तो हिशेबावर घेतला जावा.