अँटेना काढावा की छत्री लावावी?

प्रश्न : आमचे घर खालापूरजवळ आहे. छपरावरच्या जुन्या अँटेनावर दूरदर्शन दिसत नाही. छत्री लावायला परवाना लागतो का? पूर्वेला सह्याद्री आड येईल का?

उत्तर : परवाना लागत नाही. टीव्हीसाठी पोस्टात पैसे भरायचे दिवस 1980च्या दशकातच संपले. जुन्या अँटेनाचा नाद मात्र सोडा. मुंबईचा मनोरा पश्चिमेला आणि मध्ये माथेरान, प्रबळगड. कर्जत-खालापूरला चित्राला मुंग्या यायच्या त्या यामुळेच. आता तर दूरदर्शनची जुनी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे बहुतेक बंदच झाली आहेत.

डीडी फ्री डिश घ्या. डिसेंबर 2004पासून ही सेवा आहे, मासिक भाडे नाही, सह्याद्री वाहिनीही दिसते. उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व. तुमच्याकडून छत्रीचे तोंड आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 58 अंश वर. एवढ्या उंचीवर घाटमाथा आड येत नाही. आड येतो तो अंगणातला आंबा. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जाईल, तेव्हा छत्री हलवू नका. फ्लॅट असेल तर गच्ची सामाईक असते, सोसायटीला आधी लेखी कळवा. आणि फ्री डिशसाठी कोणी दरमहा पैसे मागितले, तर देऊ नका.